आरक्षित मैदान-उद्यानाची जागा पालिकेने विकत घेताना: निधी, मुदत आणि कागदपत्रांचा क्रम

विकास योजनेत ‘उद्यान’ किंवा ‘क्रीडांगण’ असा हिरवा ठिपका पडला म्हणजे जागा पालिकेची झाली, असं अजूनही अनेक नगरपरिषदांत धरून चालतात. मग एखाद्या दिवशी मालकाची खरेदी सूचना (‘जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस) आवक-जावकमध्ये येते, फाइल चार टेबलं फिरते आणि दीड वर्षाने कुणीतरी विचारतं, “पैसे कुठून आणायचे?” तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हा लेख नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या मुख्याधिकाऱ्यांसाठी, नगररचना व लेखा शाखेतल्या मंडळींसाठी, तसंच आपल्या प्रभागातलं मैदान वाचवू पाहणाऱ्या नगरसेवक व नागरिकांसाठी आहे. महापालिकांनाही यातलं बहुतेक लागू होतं. फरक असेल तिथे तो सांगितला आहे. आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (पुढे एमआरटीपी) आणि २०१३ चा भूसंपादन कायदा यांचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. जागेचा पैसा आणि बागेचा पैसा हे दोन वेगळे पैसे आहेत. पाळणे, वॉकिंग ट्रॅक, दिवे, कारंजं यांसाठी योजना मिळतात. जमिनीसाठी फार कमी मिळतात. ज्या पालिका दोन्हींचा एकच अंदाज करून एकाच योजनेत घालतात, त्यांचा प्रस्ताव पहिल्याच छाननीत परत येतो.

## टप्पा १: आरक्षणांची तारीखवार नोंदवही

निधीच्या मागे लागण्याआधी कोणती जागा कधी हातातून जाऊ शकते हे कळायला हवं. शहरातल्या प्रत्येक मोकळ्या जागेच्या आरक्षणासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत:

- आरक्षण क्रमांक आणि प्रयोजन
- सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, प्रत्येक क्रमांकात आरक्षणाखाली येणारं क्षेत्र
- विकास योजनेच्या अहवालात दाखवलेलं समुचित प्राधिकरण, म्हणजे जागा घेण्याची जबाबदारी ज्या संस्थेची ती (नेहमी पालिकाच असेल असं नाही)
- योजनेचा तो भाग अमलात आल्याची तारीख
- त्या तारखेपासून दहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख
- पोहोचरस्ता विकास योजनेतला आहे का, आणि तो ताब्यात आहे का
- ढोबळ किंमत

चौथ्या रकान्यात सर्वाधिक चुका होतात. शासनाच्या मंजुरीची तारीख आणि योजना अमलात आल्याची तारीख एक नसते. अधिसूचनेत दुसरी तारीख स्वतंत्र दिलेली असते. शिवाय मंजुरीच्या वेळी काही बदल ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला ठेवले जातात आणि नंतर मंजूर होतात. त्या भागातल्या आरक्षणांची दहा वर्षं वेगळ्या दिवशी सुरू होतात. एकाच शहरातल्या दोन शेजारच्या आरक्षणांना दोन वेगळ्या मुदती असू शकतात.

पोहोचरस्त्याचा रकाना अनेकांना फालतू वाटतो. पण मधोमध मैदान घ्यायचं आणि तिथे जायला वाट नाही, अशा जागा राज्यात कमी नाहीत. रस्त्याची पट्टी त्याच प्रस्तावात घ्या.

तपासा: आरक्षणातला काही भाग फुकट मिळण्यासारखा आहे का? राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे (२०२०) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. ती रेखांकनातल्या रहिवाशांसाठी असते, आरक्षणाची जागा ती घेत नाही. तरी दोन्ही शेजारी आखून घेतल्या तर मैदान मोठं दिसतं आणि वापरातही येतं. आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून शासनाचंच नाव असेल तर खरेदीचा विषयच नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे जागा मिळण्याची मागणी करा.

## टप्पा २: घड्याळ समजून घ्या

एमआरटीपीच्या कलम १२७ चं गणित असं. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक किंवा हितसंबंधित व्यक्ती आपल्या हक्काच्या कागदपत्रांसह सूचना देऊ शकते. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जागा संपादित झाली नाही, किंवा संपादनासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं मानलं जातं. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते मालकाला या जमिनीवर बांधता येतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, पुढे बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस.

आता ‘पावलं उचलणं’ म्हणजे काय? सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे पाऊल नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र म्हणजेही नव्हे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की संपादनाची घोषणा प्रसिद्ध होणं हे खरं पाऊल. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने तेच कायम केलं. म्हणजे चोवीस महिन्यांच्या आत एकतर खरेदीखत होऊन जागा पालिकेच्या नावावर यायला हवी, किंवा कलम १२६(२) खालची सक्तीच्या संपादनाची घोषणा राजपत्रात यायला हवी. “आम्ही वेळेत प्रस्ताव पाठवला होता” हा बचाव उच्च न्यायालयात टिकत नाही आणि तरीही दरवर्षी कोणती ना कोणती पालिका तो घेऊन उभी राहते.

सूचना आली की त्याच आठवड्यात:

१. आवक क्रमांक, तारीख आणि वेळ टाकून पहिल्या पानाची छायाप्रत मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवा. लिफाफासुद्धा जपा.
२. सूचना कोणी दिली, कोणत्या क्षेत्रासाठी दिली, हक्काचे कागद जोडलेत का, दहा वर्षं खरंच झाली आहेत का, हे चार मुद्दे तपासा.
३. त्रुटी असेल तर लेखी कळवा.
४. त्रुटी असली तरी संपादनाचं काम सुरू करा. त्रुटीच्या भरवशावर फाइल बंद करू नका. न्यायालयाने सूचना वैध ठरवली तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

सावध: एका आरक्षणात पाच गट क्रमांक असतील आणि एकाच मालकाने सूचना दिली, तर घड्याळ त्याच्या जमिनीपुरतंच चालतं. पण तो तुकडा मधला असेल तर उरलेलं मैदान दोन भागांत फाटतं. त्यामुळे सूचनेचा तुकडा आधी घ्या, बाकीचे मागून आले तरी चालेल.

## टप्पा ३: मालकी आणि मोजणी

पैशाचा आकडा या टप्प्याशिवाय खरा नसतो. लागणारे कागद: चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, विकास योजनेचा भाग नकाशा, किमान तीस वर्षांचा शोध अहवाल, दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीच्या) नकला.

सातबाऱ्यावर डोळे लावून वाचायचा भाग म्हणजे इतर हक्क. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, न्यायालयीन दावा, वारसांत अल्पवयीन मुलं, भोगवटादार वर्ग दोन (परवानगीशिवाय विकता न येणारी, शर्तीची जमीन), देवस्थान किंवा इनाम, आदिवासी खातेदार. यांपैकी प्रत्येकाला वेगळी परवानगी किंवा वेगळा वाटा लागतो. वर्ग दोनची जमीन सरळ खरेदीखताने घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नव्हती, तर व्यवहार शर्तभंगात अडकतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो तो वेगळाच.

उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे संयुक्त मोजणीचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा आणि तातडीची फी भरा. मोजणीला नगररचनाकाराचा प्रतिनिधी प्रत्यक्ष हजर हवा. विकास योजनेचा नकाशा आणि गटाचा नकाशा एकमेकांवर ठेवल्यावर क्षेत्र हमखास थोडं कमी-जास्त येतं. मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हाती आल्यावर जे क्षेत्र निघेल तेच पुढे प्रत्येक कागदावर लिहा. ठरावात एक क्षेत्र, प्रस्तावात दुसरं आणि घोषणेत तिसरं, असं झालं की घोषणाच आव्हानाला उघडी पडते.

जागेवर झोपड्या, टपऱ्या, विहीर, झाडं, पिकं काय आहे याचा छायाचित्रांसह पंचनामा याच वेळी करा. झाडांची किंमत नंतर ठरवताना त्यांची संख्या कमालीची वाढलेली असते.

## टप्पा ४: तीनपैकी मार्ग कोणता

कलम १२६(१) तीन मार्ग देतं.

सहमतीने खरेदी. दोघांना मान्य रक्कम देऊन खरेदीखत. वेगवान मार्ग हाच. अडचण एवढीच, की दर ठरवताना अधिकाऱ्यांना लेखापरीक्षणाची धास्ती असते. म्हणून दर आपण ठरवायचाच नाही. नगररचना विभागाचा मूल्यांकन अहवाल घ्यायचा आणि २०१३ च्या कायद्याने जेवढा मोबदला निघाला असता त्याच्याशी तुलना करणारा तक्ता जोडायचा. थेट खरेदीबाबत महसूल विभागाचा २०१५ चा शासन निर्णय आहे. तो आपल्या प्रकरणाला कसा लावायचा आणि दर कोणत्या समितीपुढे न्यायचा, हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. महापालिकेत अशा दराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे स्थायी समितीची मान्यता लागते.

टीडीआर किंवा चटईक्षेत्र. म्हणजे जागेच्या बदल्यात पैशांऐवजी जादा बांधकामाचा हक्क. टीडीआर हा हक्क दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येतो. पालिकेच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, म्हणून सभेत या मार्गाला टाळ्या मिळतात. एकत्रित नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या जमिनीला क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट हक्क मिळतात. मालकाने जागा बोजाविरहित, सपाट करून, दीड मीटर उंचीची कुंपणभिंत आणि फाटक बांधून द्यायची असते. पण हे हक्क विकले गेले तरच मालकाला पैसे मिळतात. पुणे, ठाणे, नाशिक इथे त्याला बाजार आहे. लहान नगरपरिषदेत घेणारा बिल्डर सापडत नाही. शिवाय वापरताना दोन जागांच्या रेडीरेकनर दरांचं (शासनाने ठरवलेल्या वार्षिक मूल्यदरांचं) गुणोत्तर लागतं, त्यामुळे स्वस्त भागातला हक्क महागड्या भागात नेला की आकसतो. मालकावर टीडीआर लादता येत नाही. त्याने नकार दिला की पत्रव्यवहारात महिने न घालवता तिसऱ्या मार्गाला लागा.

सक्तीचं संपादन. राज्य शासनाकडे अर्ज, कलम १२६(२) खाली घोषणा, मग निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश).

व्यवहारात चालणारा क्रम असा: तिन्हींपैकी काय हवं ते तीस दिवसांची मुदत देऊन मालकाला लेखी विचारा, आणि उत्तराची वाट न पाहता तिसऱ्या मार्गाचा प्रस्ताव तयार करायला घ्या. मालक सहमत झाला तर प्रस्ताव मागे घेता येतो. उलट दिशेने मात्र वेळ परत येत नाही.

मालकाशी बोलताना एक मुद्दा उपयोगी पडतो. २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या किंवा कराराच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे आयकर व मुद्रांक शुल्क लागत नाही. कायद्याबाहेरच्या साध्या खरेदीत ही सवलत गृहीत धरता येत नाही. मालकाने आपल्या सनदी लेखापालाला आणि पालिकेने सह जिल्हा निबंधकांना अभिनिर्णयासाठी (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी) आधीच विचारावं. खरेदीखताच्या टेबलावर हा प्रश्न निघाला तर व्यवहार तिथेच थांबतो.

## टप्पा ५: आकडा काढणं

रेडीरेकनरचा दर गुणिले क्षेत्र एवढाच हिशोब करून तरतूद करणं ही दुसरी मोठी चूक. २०१३ च्या कायद्यात बाजारमूल्य काढताना रेडीरेकनर दर, आसपासच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, आणि संमतीने ठरलेली रक्कम यांतलं जे सर्वाधिक ते धरतात. नागरी क्षेत्रात गुणक १. त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांचं मूल्य मिळवायचं आणि येणाऱ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम द्यायची. शिवाय बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के.

समजा क्षेत्र ४,००० चौरस मीटर, रेडीरेकनर दर ६,००० रुपये, पण खरेदीखतांची सरासरी ७,००० रुपये.

- बाजारमूल्य: ४,००० × ७,००० = २ कोटी ८० लाख
- झाडं व विहीर: १० लाख
- बेरीज: २ कोटी ९० लाख
- दिलासा रक्कम १०० टक्के: २ कोटी ९० लाख
- १२ टक्के, दीड वर्षासाठी, २ कोटी ८० लाखांवर: ५० लाख ४० हजार
- एकूण: ६ कोटी ३० लाख ४० हजार

रेडीरेकनरने तरतूद केली असती तर ती २ कोटी ४० लाख झाली असती. म्हणजे गरजेच्या निम्मीही नाही. याच्यावर संपादन यंत्रणेचा आस्थापना खर्च आणि मोजणी फी. १२ टक्क्यांची रक्कम नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची, हे भूसंपादन अधिकाऱ्यांकडून लेखी मागवा. त्यावरून नंतर वाद होतात.

सावध: घोषणा व्यपगत होऊन कलम १२६(४) खाली नवी घोषणा करावी लागली, तर बाजारमूल्य नव्या घोषणेच्या तारखेचं धरलं जातं. आळसाची किंमत इथे शब्दशः चौरस मीटरमागे मोजता येते.

## टप्पा ६: पैसा जमवणं

आता मूळ प्रश्न. एका झऱ्यावर अवलंबून राहू नका, आणि प्रत्येक योजनेला विचारायचा प्रश्न एकच ठेवा: मार्गदर्शक सूचनांत जमीन खरेदी किंवा भूसंपादन स्पष्ट शब्दांत अनुज्ञेय आहे का? ‘मनाई दिसत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

विकास शुल्क. बांधकाम परवानगी देताना एमआरटीपीच्या प्रकरण सहा-अ खाली जमा होणारं हे शुल्क स्वतंत्र विकास निधीत ठेवायचं असतं आणि सार्वजनिक सुविधांवर खर्चायचं असतं. जागेसाठी स्वतःचा सगळ्यात योग्य पैसा हाच. प्रत्यक्षात तो सर्वसाधारण खात्यात मिसळून पगार-वीजबिलात गेलेला असतो. लेखापालाकडून गेल्या पाच वर्षांची जमा आणि खर्च यांचा स्वतंत्र तक्ता मागा. आकडे पाहून सभागृह गप्प होतं, पण पुढच्या अंदाजपत्रकात तो पैसा वेगळा निघतो.

अधिमूल्य. जादा चटईक्षेत्रासाठी बिल्डर भरतो त्या अधिमूल्यातला (प्रीमियममधला) पालिकेचा वाटा. ठराव करून त्यातला ठरावीक टक्का दरवर्षी ‘भूसंपादन राखीव निधी’त टाका. मोठ्या जागा एका वर्षाच्या अंदाजपत्रकातून कधीच येत नाहीत. पाच-सहा वर्षं साठवलेल्या निधीतून येतात.

वित्त आयोग. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानात ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. त्या भागाला जागेसाठी हात लावायचा नसतो. उरलेल्या अबंधित भागाबाबत शासनाची लेखी संमती घेऊनच पुढे जा. पुढच्या कालावधीच्या सूचना स्वतंत्र वाचा. जुन्यांवरून अंदाज बांधू नका.

अमृत. केंद्राच्या या योजनेत उद्यानं होती, म्हणून अनेकांनी जागेची किंमत त्यात घातली. जमीन खरेदी तिथे अनुज्ञेय नाही. जागा ताब्यात आल्यावर बाग करायला अशा योजना शोधा.

राज्याचं अनुदान. नगरविकास विभागाकडे विशेष मागणी करता येते. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. त्याच्या वर टप्पा ३ ची ‘क’ प्रत, टप्पा ५ चा तक्ता, सूचनेची प्रत, चोवीस महिने संपण्याची तारीख ठळक, आणि पालिका स्वतः किती भरणार याचा ठराव असावा. स्वहिस्सा शून्य असलेले प्रस्ताव कुणी वर उचलत नाही. आमदार-खासदारांची पत्रं जोडा. पण ती जोडली म्हणजे पैसे आले असं समजून खर्चाची बाजू मांडू नका.

कर्ज. १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाखाली शासनाची मंजुरी लागते. मैदानाला उत्पन्न नसतं, त्यामुळे देणारी संस्था मालमत्ता कराच्या वसुलीवर बोट ठेवते. वसुली कमकुवत असेल तर हा मार्ग सोडा.

वरच्या उदाहरणातले ६ कोटी ३० लाख असे बसू शकतात: राखीव निधीतून २ कोटी, चालू विकास शुल्कातून ८० लाख, पुढच्या अंदाजपत्रकातून १ कोटी ५० लाख, उरलेले २ कोटी राज्याकडे मागणी. राज्याचा हिस्सा उशिरा येईल असं धरून तेवढी रक्कम दुसऱ्या भांडवली कामातून वळवण्याची पर्यायी तरतूद सभेत आधीच मंजूर करून ठेवा.

तपासा: अंदाजपत्रकात ‘भूसंपादन’ हे भांडवली लेखाशीर्ष स्वतंत्र आहे का? उद्यान विकासाच्या शीर्षात जमिनीचे पैसे ठेवले तर खर्च करताना पुनर्विनियोजन (एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवण्याची मंजुरी) लागतं, आणि तेही बरोबर मार्च महिन्यात.

## टप्पा ७: ठराव आणि प्रस्ताव

सर्वसाधारण सभेच्या ठरावात नेमकं हवं ते: आरक्षण क्रमांक, गट क्रमांक, ‘क’ प्रतीप्रमाणे क्षेत्र, मार्ग, अंदाजित एकूण रक्कम, लेखाशीर्ष, रक्कम मागणी होताच जमा करण्याची हमी, आणि मुख्याधिकाऱ्यांना वाढीव रक्कम भरण्यासह पुढील कार्यवाहीचे अधिकार. शेवटची ओळ नसेल तर मूल्यांकन पाच लाखांनी वाढलं तरी पुन्हा सभा. “आवश्यक ती कार्यवाही करावी” अशा मोघम ठरावावर जिल्हाधिकारी कार्यालय प्रस्ताव परत पाठवतं, आणि बरोबर करतं.

अर्जाच्या मजकुरात विनंती राज्य शासनाला आहे हे स्पष्ट लिहा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तो पुढे जाईल.

सूचना मिळाल्यापासून महिन्यांचं वेळापत्रक असं ठेवा:

- १ ला: सूचनेची छाननी, उत्तर, मोजणीचा अर्ज, मालकाला तीन मार्गांचं पत्र
- ३ रा: ‘क’ प्रत, शोध अहवाल
- ४ था: मूल्यांकन, ठराव
- ५ वा: परिपूर्ण प्रस्ताव सादर
- ६ ते ९: त्रुटींची पूर्तता, प्रत्येक त्रुटीला आठ दिवसांत उत्तर
- १० ते १५: घोषणा राजपत्रात
- उरलेले नऊ महिने: निवडणूक, आचारसंहिता, बदल्या आणि स्थगिती यांच्यासाठी

हे शेवटचे नऊ महिने चैन वाटतात. एका आचारसंहितेत आणि मुख्याधिकाऱ्यांच्या एका बदलीत त्यातले अर्धे सहज जातात.

## टप्पा ८: रक्कम भरणं, निवाडा, ताबा

भूसंपादन अधिकाऱ्यांची मागणी आली की रक्कम त्यांच्या नावे जमा करा आणि चलनाची प्रत नस्तीत लावा. रक्कम न भरल्यामुळे निवाडा रखडला तर जबाबदारी पालिकेची.

घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा व्हावा, असं वेळापत्रक आखून पाठपुरावा करा. २०१३ च्या कायद्यात कलम २५ ची मुदत तेवढीच आहे. ती एमआरटीपीच्या संपादनाला जशीच्या तशी लागते का, हा वकिलांचा विषय. पालिकेने तो वाद जिंकण्याची वेळच येऊ देऊ नये.

मालकाने रक्कम घ्यायला नकार दिला किंवा वारसांत भांडण असेल, तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे ती भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते. घरी धनादेश घेऊन जायचं आणि परत आणून कपाटात ठेवायचा, याला रक्कम दिली असं म्हणत नाहीत.

ताबा घेताना: पंचनामा, ताबेपावती, चतुःसीमेची छायाचित्रं, हद्दीचे दगड. त्याच आठवड्यात तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्या आणि सातबाऱ्यावर पालिकेचं नाव चढेपर्यंत मागे लागा. पैसे दिले, ताबा घेतला, पण नोंद बदलली नाही. मग मूळ मालकाच्या वारसांनी तीच जमीन पुन्हा विकली. अशा दाव्यांत पालिका जिंकते, पण पंधरा वर्षांनी.

कुंपण लगेच घाला, भले तारेचं असो. बागेचा आराखडा मंजूर व्हायला वर्ष लागतं. अतिक्रमणाला एक रात्र पुरते.

## टप्पा ९: नंतरचे हिशोब

राज्याचं अनुदान वापरलं असेल तर उपयोगिता प्रमाणपत्राला निवाडा, चलन, ताबेपावती आणि नवा सातबारा जोडा. जमीन मालमत्ता नोंदवहीत घ्या, नाहीतर लेखापरीक्षक खर्च दाखवतो आणि मालमत्ता शोधत बसतो.

वाढीव मोबदल्यासाठी मालक २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली संदर्भ (वाद प्राधिकरणाकडे पाठवणं) मागू शकतो आणि बरेचदा मागतो. तो निकाली निघेपर्यंत राखीव निधीत काही रक्कम अडकवून ठेवा. रक्कम वाढली तर वाढीव भागावर ताब्याच्या तारखेपासून पहिलं वर्ष ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज लागू शकतं. अशा दाव्यात पालिकेच्या वतीने कुणी हजरच राहत नाही, हे सर्रास घडतं. पॅनेलवरच्या वकिलाला तारखांची यादी द्या आणि शेजारच्या खरेदीखतांच्या नकला, मूल्यांकन अहवाल, ताब्यापूर्वीच्या पंचनाम्याची छायाचित्रं हा संच पहिल्याच तारखेला त्याच्या हातात पोचवा.